मांडीवर घेऊन जावा

कोल्हापूरहून कराडला येणाऱ्या एसटीत, पेठ नाका जवळ आलेला असताना, माझ्या मांडीवरचं गाठोडं खाली पडलं. हायवेचं काम चालू होतं म्हणून बस मुख्य रस्ता सोडून बाजूच्या कच्च्या वळणावर उतरली होती. पुढचं चाक खड्ड्यात गेलं, मागोमाग मागचं गेलं, आणि लागलेला डोळा उघडेपर्यंत गाठोडं पायाशी होतं. आवाज मोठा झाला नाही. टॉवेलात घट्ट गुंडाळलेली जड वस्तू पडल्यावर होतो तसा, नुसता धप्प. पलीकडच्या सीटवरच्या आजींनी विचारलं, "काय पडलं रं बाळा?" मी म्हणालो, "काही नाही, आजी." गाठोडं उचलून परत मांडीवर घेतलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि कराड येईपर्यंत पापणी मिटली नाही. हे जागं राहणं अर्धा तास आधी सुचायला हवं होतं.

गाठोड्यात यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा क्रँक होता, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरण्यात बदलणारा भाग. नवा रॉड, नवी पिन, नवे निडल रोलर घालून त्याच दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी बांधून दिलेला. देताना त्यांनी तो स्वतःच्या टॉवेलात गुंडाळला, चार टोकांच्या दोन गाठी मारल्या आणि माझ्या हातात ठेवता ठेवता म्हणाले, "वर फळीवर टाकू नगा, पायाशी ठेवू नगा. मांडीवर घेऊन जावा." ऐकणाऱ्याला ते म्हाताऱ्या माणसाचं मायेचं बोलणं वाटलं असतं. पण त्यात हिशोब होता, आणि तो हिशोब मला ठाऊक होता.

टू-स्ट्रोक गाडीचा क्रँक एकसंध नसतो. दोन जाड पोलादी चकत्या, प्रत्येकीच्या बाहेरच्या अंगाला एक शाफ्ट, आणि दोघींना जोडणारी मधली पिन. पिनेवर रोलरचं बेअरिंग, बेअरिंगवर कनेक्टिंग रॉड. या सगळ्याला कुठे नट नाही, बोल्ट नाही, चावी नाही, वेल्डिंग नाही. चकतीतलं भोक पिनेपेक्षा केसाच्या जाडीइतकं लहान ठेवलेलं असतं आणि पिन प्रेसच्या दाबाने त्यात घुसवलेली असते. त्या आवळून धरण्यावर सगळं चालतं. इंजिन ८००० फेऱ्यांवर ओरडत असतं तेव्हा हा जोड सेकंदाला १३३ वेळा फिरतो, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीला वरून स्फोटाचा दणका खातो. तो दणका त्याला पचतो. पण ठोका आडवा बसला, चकतीच्या कडेवर बसला, तर पिनेभोवती दोन चकत्या एकमेकींपासून किंचित सरकतात. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत, एवढंच. यामाहाच्या गाड्यांना ही वाकडी चाल ०.०३ मिलिमीटरपर्यंत चालते. त्याच्या पुढे गेली की बेअरिंग तापायला लागतं, शाफ्टभोवतीच्या रबरी सीलचा ओठ एका बाजूने झिजतो, हँडल धरलेल्या तळव्यांना मुंग्या येतात, आणि कधीतरी पाच-सातशे किलोमीटरनंतर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

तीन शतांश मिलिमीटर. बसच्या सीटपासून पत्र्यापर्यंतचं अंतर दीड फूट.

त्या दुपारी मी मेस्त्रींच्या समोर स्टुलावर तीन तास बसून होतो. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि गल्लीला कटिंग ऑईलचा, बिडाच्या भुशाचा नि उकळत्या चहाचा मिळून एक वास येत होता. तो वास मला फार आवडतो. या शहराला लोखंडाचं वेड जुनं आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला होता, कानशी आणि लेथ हाताशी धरून. बाहेरून आलेलं यंत्र उघडायचं, त्याच्या आत काय चाललंय ते बघायचं आणि 'हे आपल्याला जमंल' म्हणून कामाला लागायचं, ही इथली जुनी रीत आहे. मेस्त्रींच्या शेडमध्ये दोन लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, आणि मोठ्या लेथच्या माथ्यावर खंडेनवमीचा सुकत चाललेला झेंडू. जुनी पिन प्रेसखाली सुटली तेव्हा बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला आणि मी दचकलो. मेस्त्रींनी ती पिन पुसून माझ्या तळहातावर ठेवली. एक बाजू आरशासारखी लख्ख होती. दुसरी, जिकडे भार येतो ती, सोललेली. नख फिरवलं की खड्डे लागत होते. मधे रंग उतरून निळसर तपकिरी झाला होता. "बघा किती सोसलंय," ते म्हणाले आणि पिन कचऱ्यात न टाकता खिडकीतल्या डब्यात टाकली. डबा अशा पिनांनी निम्मा भरलेला होता.

नवी पिन एका चकतीत दाबली. मग रोलर, रॉड, दोन्ही अंगांचे वॉशर. दुसरी चकती वर ठेवताना त्यांनी एक छोटा गुण्या दोन्ही कडांना लावला, उजेडाकडे धरला, फटीतून उजेड येतो का ते पाहिलं आणि मगच प्रेसचा दांडा ओढला. रॉडच्या बाजूला फीलर गेजचं पान सरकवून पाहिलं. इथपर्यंतचं काम चांगल्या हाताच्या कुणालाही जमेल. पुढचं नाही. क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरला, दोन्ही शाफ्टवर डायल गेज टेकवले आणि हाताने सावकाश फिरवायला सुरुवात केली. एका गेजचा काटा बारा घरं हलला. गेजचं एक घर म्हणजे एक शतांश. मेस्त्रींनी खडूने कडेवर एक रेघ मारली, क्रँक सेंटरमधून काढून डाव्या हातात तोलला आणि तांब्याच्या हातोडीने रेघेवर एकच ठोका दिला. परत सेंटर, परत गेज. आठ घरं. परत रेघ, परत ठोका. एकदा काटा उलटा वाढला तेव्हा त्यांनी दोन चकत्यांच्या मधे लाकडाची पाचर घालून हलकेच ठोकली. मी मोजत होतो. नऊ वेळा तो क्रँक सेंटरवर चढला नि उतरला. शेवटी दोन्ही काटे दोन-दोन घरांत डुलायला लागले. मेस्त्रींनी हातोडी खाली ठेवली आणि चहा सांगितला. ठोका कुठे मारायचा, किती जोराचा मारायचा, याचं गणित त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. शेडमध्ये एक पोरगा झाडलोट करत होता. तोही बघत होता, आणि माझ्यापेक्षा बारीक नजरेने बघत होता. मला त्याचं फार बरं वाटलं.

गाडी दादाची. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. १९९४ चं मॉडेल. ज्यांनी ती चालवलीय त्यांना सांगायला नको: ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, शंभर किलोच्या आसपास वजन, आणि थ्रॉटल पिळल्यावर पोटात गोळा आणणारा तो पिकअप. दादाने तिची डर्ट बाईक केली. हेडलाईट काढला, पुढचं मडगार्ड वर चढवलं, बटन टायर घातले, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मोठं केलं, हँडलला आडवी नळी बसवून घेतली. त्या वेळी खास मातीच्या शर्यतीसाठी बनवलेली परदेशी गाडी आमच्यासारख्यांनी फक्त मासिकात बघायची. आमच्या भागातल्या शर्यती आरएक्स, शोगन, सामुराई यांच्यावरच व्हायच्या. ऊस तुटून गेलेल्या नाहीतर पड पडलेल्या रानात जेसीबीने उंचवटे करायचे, दोरीला पताका लावायच्या, आणि चारी बाजूंनी टू-टी ऑईलचा निळा धूर. तो धूर छातीला चांगला नव्हता आणि गाड्या बंद झाल्या ते योग्यच झालं, हे मला समजतं. तरी अजून रस्त्यात कुठे तो वास आला की मी थांबतो. माझं त्या दिवसांमधलं काम म्हणजे पाने देणं, प्लग बदलणं आणि पेट्रोलमध्ये ऑईल मोजून टाकणं. दादाने शर्यतीसाठी ऑईलचा पंप काढून टाकला होता, त्यामुळे लिटरला किती ऑईल घालायचं हे माझ्या हातात होतं. सतरा वर्षांच्या पोराला एवढा मान पुष्कळ झाला.

त्या वर्षी गाडी पिस्टन पकडायला लागली, म्हणजे तापलेला पिस्टन सिलिंडरात अडकून बसायचा. एकदा पकडला तेव्हा आम्ही हाफ इंजिन केलं. हेड, सिलिंडर काढायचं, बोअर मारून आणायचा, ओव्हरसाईज पिस्टन घालायचा. दोन दिवसांचं काम, आणि काम झालं की झालेलं दिसतं. चकचकीत पिस्टन, नवं पॅकिंग, सिलिंडरच्या आतल्या तिरक्या रेघा. तीनशे किलोमीटरवर परत पकडला. परत हाफ इंजिन केलं. गॅरेजवाला म्हणाला, एकदा चेंबर, म्हणजे क्रँक बसतो ती खालची पेटी, उघडून फुल इंजिन करून घ्या. पण फुल इंजिन म्हणजे गाडीखालून अख्खं इंजिन उतरवायचं, क्लच सोडायचा, क्रँकच्या टोकावरचं, ठिणगीसाठी वीज करणारं मॅग्नेट काढायचं, गिअरबॉक्स टेबलावर पसरायचा. पैसे चौपट आणि पंधरा दिवस गाडी नाही. वरचं काम परवडायचं. आम्ही वरचंच करत राहिलो.

खरं दुखणं खाली होतं आणि ते अगदी साधं होतं. चार-स्ट्रोक गाडीचं चेंबर म्हणजे ऑईलचं भांडं. टू-स्ट्रोकचं चेंबर म्हणजे पंप. पेट्रोल आणि हवा आधी खाली चेंबरमध्ये येते, पिस्टन खाली उतरताना तिला दाबतो आणि मग ती बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढते. चेंबरलाच पंप करायची ही युक्ती इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांची, पेटंट १८९१ चं. पण दार म्हणून वेगळी झडप न बसवता पिस्टनच्या कडेनेच वाटा उघडझाप करायच्या, ही पुढची सुधारणा त्यांच्या कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक नावाच्या कामगाराची. मला डे यांच्यापेक्षा कॉक जवळचे वाटतात. ते रोज त्या इंजिनाशेजारी उभे राहत असणार. तर, चेंबर जर पंप असेल तर ते हवाबंद हवं, आणि क्रँकचे दोन शाफ्ट जिथून बाहेर येतात तिथे हवा अडवायला असतात फक्त दोन रबरी सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑईल ओढतं आणि पांढरा धूर सोडतं. ते गावाला दिसतं. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर धूर नाही, थेंब नाही. नुसती हवा आत जाते. मिश्रणात पेट्रोल कमी, त्याबरोबर ऑईल कमी, उष्णता जास्त, आणि पिस्टन फुगून पकडतो. तुम्ही पिस्टन बदलत राहता, हवा येत राहते. खूण एकच असते. थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतं.

आमचं रेंगाळत होतं. मला ऐकू येत होतं.

१९९९ चा डिसेंबर. दुसऱ्या दिवशी शर्यत होती आणि मी रात्री दहा वाजता अंगणात, शंभराच्या बल्बखाली, मॅग्नेटच्या बाजूचं सील बदलत होतो. हे सील चेंबर न उघडता बाहेरून काढता येतं. मीच दादाला पटवलं होतं की फुल इंजिन नको, एवढं सील घालून बघू. मॅग्नेट पुलरने ओढलं, प्लेट काढली, जुनं सील उचकटलं. नवं सील शाफ्टवरून सरकवताना शाफ्टवर एक खाच लागते, मॅग्नेटची चावी बसते ती. तिच्या कडा धारदार असतात. जाणता माणूस खाचेवर चिकटपट्टी लावतो, ग्रीस लावतो, मग सील सरकवतो. मी नुसतं सरकवलं. अर्ध्यावर आल्यावर बोटाला काहीतरी जाणवलं म्हणून बल्ब जवळ आणला. सीलच्या ओठाला एक चीर गेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून लहानच. दुकान सकाळी नऊला उघडणार आणि आम्हाला सातला निघायचं होतं. घरात सगळे झोपले होते. दादा ओट्यावर पाय सोडून बसला होता, बूट साफ करत. त्याने विचारलं, "बसलं का?" मी सील बोटांनी दाबून आत बसवलं आणि म्हणालो, "बसलं."

तिसऱ्या फेरीत, उंचवट्यावरून उतरून सरळ पट्टीवर पूर्ण थ्रॉटल असताना इंजिन पकडलं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. टू-स्ट्रोकवर मुरलेले लोक डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात ती याचसाठी. इंजिन पकडलं की पापणी लवायच्या आत चाक सोडवता येतं. दादा तेव्हा ठेवत नसे. पकड सुटते म्हणायचा. तो हँडलवरून पुढे गेला आणि डाव्या खांद्यावर पडला. गळ्याचं हाड मोडलं. सव्वा महिना हात गळ्यात होता. त्यानंतर कुठलीही गाडी असो, मातीत असो की डांबरावर, त्याची दोन बोटं क्लचवरून हललेली मी पाहिलेली नाहीत. गाडी घरी आणून गोठ्याच्या पडवीत लावली. दादाला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, आणि ती तिथेच उभी राहिली.

दादा, तू माझं सगळं लिहिलेलं वाचतोस, हेही वाचशील. ते सील मी बसवलं होतं आणि ओठ कापलाय हे मला बसवतानाच दिसलं होतं.

इतक्या वर्षांनी फुल इंजिन करायला घेतलं त्याला कारण घडलं असं काही नाही. पडवीचा पत्रा बदलायचा होता, गाडी हलवावी लागली. किक मारून पाहिली तर किक घट्ट. रॉकेल ओतून चार दिवस ठेवलं तेव्हा सुटली. प्लगच्या भोकातून एक सळई पिस्टनवर टेकवली, मॅग्नेट हाताने मागे-पुढे केलं, आणि खाली कुठेतरी एक बारीक 'टक' लागली. रॉड बाजूला हलला तर चालतं, तेवढी जागा ठेवलेलीच असते. वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. हा हलत होता. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू करतोयस ना? मग कर." त्याच्या आवाजात शंका नव्हती. तेच मला लागलं.

क्रँक आणला त्या रात्री मी बसमधलं कुणाला बोललो नाही. टॉवेल सोडून क्रँक बल्बखाली फिरवून पाहिला. कुठे ओरखडा नाही. कडेवर मेस्त्रींच्या खडूच्या रेघा तशाच. रॉड हाताने फिरवला तर तुपातून फिरावा तसा. मी स्वतःला सांगितलं, टॉवेल जाड होता. दुसऱ्या दिवशी रविवार. बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवली होती, मटारच्या पिशवीशेजारी. क्रँकही वर्तमानपत्रात गुंडाळून तिथेच आडवा केला होता. आई सकाळी दुधाला गेली आणि म्हणाली, "हे लोखंड मटारात कशाला रे?" मी सांगितलं की गार केलं की आकसतं. ती म्हणाली, "मग ठेव. पण वास लागला तर मटार तू खायचे." चेंबरचे दोन्ही अर्धे शेगडीवर जाड तव्यावर ठेवले, मंद आचेवर. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडायला लागला म्हणजे झालं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पन्नास मिलिमीटरचं भोक शंभर अंश तापवलं की मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडं जास्त मोठं होतं, आणि एवढं मोठं झालं की ठोकाठोक लागत नाही. फ्रीझरमधलं बेअरिंग भोकावर सरळ धरलं आणि सोडलं. टप्. आपणहून तळाला बसलं. या कामातला हा सगळ्यात सुंदर आवाज. हातोडी मारून बसवलेल्या बेअरिंगला हा आवाज माहीतच नसतो. मग दोन्ही सील, ओठाला ग्रीस लावून. मॅग्नेटच्या बाजूच्या खाचेवर मी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. एक पुरला असता. क्रँक उतरवला, गिअर बसवले, फट बुजवणाऱ्या अ‍ॅनाबॉन्डची बारीक रेघ ओढून चेंबर मिटवलं आणि स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे आवळत आणले. संध्याकाळी शाफ्ट बोटांनी फिरवला. फिरला. छान फिरला.

वाकडा क्रँकही बोटांनी छानच फिरतो.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी ऑफिसातून आलो की थोडं थोडं चढवत होतो. क्लच, मॅग्नेट, पिस्टन, सिलिंडर. बुधवारी इंजिन फ्रेममध्ये गेलं. एक एक भाग वर चढत होता तसतसं ते दीड फूट खाली गाडलं जात होतं. कुणी पाहिलं नव्हतं. आजींनी पाहिलं, त्यांना ते काय आहे माहीत नव्हतं. चालू झाली असती तर कदाचित पाच वर्षं चालली असती, काही वाटलंही नसतं. आणि नसती चालली तर लोक म्हणाले असते, जुनी गाडी, मिळतात ते सुटे भाग असलेच. माझ्यापर्यंत कुणी पोचलं नसतं. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर पडवीत गेलो. कार्बोरेटर जोडायचा राहिला होता. तो हातात घेतला, बाजूला ठेवला आणि दहा नंबरचा पाना घेऊन सिलिंडरचे नट सोडायला लागलो. आई उंबऱ्यात येऊन थोडा वेळ उभी राहिली. "चुकलं का काय?" म्हणाली. मी म्हटलं, "माहीत नाही." रात्री दीड वाजता चेंबर परत दोन अर्धे होऊन टेबलावर होतं. सुकलेलं अ‍ॅनाबॉन्ड रबरासारखं सोलून निघत होतं. क्रँक ठोकून काढायचा नाही, एवढं पथ्य पाळलं. तापवूनच काढला. एक बेअरिंग शाफ्टबरोबर बाहेर आलं.

शनिवारी परत उद्यमनगर. मेस्त्रींच्या हातात तोच टॉवेल दिला. धुऊन नेला होता. "बसमधी पडला," मी म्हणालो. "मी झोपलो होतो." ते काही बोलले नाहीत. क्रँक सेंटरवर चढवला, गेज लावले, फिरवला. एक काटा दोन घरं. दुसरा पाच. मी त्या दुसऱ्या काट्याकडे बघत राहिलो. पाच दिवस ज्याची भीती होती ते समोर होतं आणि मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. मेस्त्री म्हणाले, "आता हे पडून झालंय का चेंबरातनं काढताना झालंय, कुणी सांगावं? तापवून काढला तरी ओढताना हुतंच कधीकधी." म्हणजे कदाचित बसमध्ये काहीच झालं नव्हतं. कदाचित ज्या रात्री मी खात्री करायला ते उघडलं त्याच रात्री ते बिघडलं. हे आता कधीच कळणार नाही. मेस्त्रींनी रेघ मारली, तीन ठोके दिले. दोन घरं. मी पैसे काढले तर त्यांनी हात हलवला. तो झाडलोट करणारा पोरगा जवळ येऊन उभा होता. मेस्त्रींनी त्याला काटा दाखवला आणि क्रँक त्याच्याच हाताने टॉवेलात बांधून घेतला. गाठ त्यांनी एकदा ओढून पाहिली.

परतीच्या बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागची सीट धरली. रस्त्याचं काम तसंच चालू होतं. पेठ नाक्याच्या अलीकडच्या वळणावर बस उतरली तेव्हा मी गाठोडं दोन्ही हातांनी पोटाशी उचलून धरलं. शेजारच्या माणसाने विचारलं, "देव हाय का त्यात?" मी म्हणालो, "इंजिनाचा क्रँक आहे." त्याने मान हलवली आणि मला नीट बसता यावं म्हणून थोडा सरकला.

दादा भाऊबीजेला आला. गाडी त्याच दिवशी पहिल्यांदा सुरू करायची असं मी ठरवून ठेवलं होतं. लिटरला पंचवीस मिलिलिटर टू-टी, वर पहिल्या टाकीपुरतं थोडं जास्त. चौथ्या किकला तिने एकदा ठसका दिला, सहाव्या किकला धरलं. पडवीभर निळा धूर. आई तोंडाला पदर लावून मागे झाली, पण आत गेली नाही. दादाने थ्रॉटल दोनदा पिळून सोडला आणि मी श्वास धरून ऐकलं. सोडला की लगेच खाली. रेंगाळत नव्हती. मी चेंबरवर तळहात ठेवला. उष्णता चढत होती, मुंग्या नव्हत्या. दादा म्हणाला, "आवाज बघ की रे." पन्नाशीला आलेला माणूस, पण चेहरा ओट्यावर बूट पुसणाऱ्या पोराचा.

रनिंग-इन आहे, ओढू नकोस, असं मी बजावलं आणि तो मागच्या रानाच्या वाटेला लागला. ऊस तुटलेल्या वाफ्याच्या कडेने, दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. वळणावर तो आमच्याकडे वळला तेव्हा उन्हात हँडल नीट दिसलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर होती.